कपाळावरचा पत्ता

मी राउटर बोलतोय. हो, तोच. कपाटाच्या डोक्यावर ठेवलेला, दोन शिंगांचा, हिरवे दिवे लुकलुकवणारा डबा. घरात माझी आठवण एकाच वेळी निघते, नेट बंद पडलं की. मग कोणीतरी स्टुलावर चढतं, मला बंद करून चालू करतं, आणि मी चालू झालो की पुन्हा सगळे मला विसरून जातात. माझी तक्रार नाही. गच्चीवरच्या टाकीचीही आठवण पाणी गेल्यावरच येते.

उद्या मला काढणार आहेत. नवा येतोय, चार शिंगांचा. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती माझ्या हातून घडलेल्या चुकीची आहे, आणि त्यानंतर मी जे नवल पाहिलं त्याची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात चार स्क्रू पिळले, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि माझ्याकडे न बघता पुढच्याला हात घातला. पहिली चार वर्षं मी दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काढली. गाल सुजलेली माणसं बाकावर बसून फोनमध्ये डोकं घालायची. आतून यंत्राचा आवाज आला की सगळ्यांची बोटं एकदम थांबायची. माझं काम मी तिथेच शिकलो.

काम सांगायला सोपं आहे. 'हे पान दाखव', 'ते गाणं पाठव' असं घरातून निघणारं प्रत्येक मागणं माझ्या हातून जातं. ही मागणी म्हणजे बंद पाकिटं. आत काय लिहिलंय ते मला बहुतेक वेळा वाचता येत नाही, पाकीट कुठे चाललंय तेवढं दिसतं. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून प्रत्येक पाकिटावर मी माझा आकडा घालतो. तो मला नेट पुरवणारी कंपनी देते. आकडा नसेल तर उत्तर परत येणार कुठे? घरात फोन चार असोत की चौदा, जगाला दिसतो तो माझ्या कपाळावरचा एकच आकडा.

मग ते पाकीट निघतं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून, उजेड होऊन. शेतांखालून, रस्त्यांखालून, समुद्राच्या तळावरून, जिथे मासेसुद्धा आंधळे असतात म्हणे, तिथून ते जातं आणि पापणी लवायच्या आत उत्तर घेऊन येतं. दिवसाला लाखो वेळा मी हे करतो. मला अजूनही ते खरं वाटत नाही.

दवाखाना बंद झाल्यावर लाइनवाल्याने मला पुसून-पासून दुसऱ्या एका घरात बसवलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी नुकत्याच राहायला आल्या होत्या. दोघींच्या संसारात एक बॅग, दोन ताटं आणि एक छोटा टेबलफॅन. बाई पूर्वीसारख्याच इथेही चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. यंत्रावर काच घासायची, फ्रेमच्या मापाने बसवायची, उजेडाकडे धरून बघायची. मुलगी एका जागी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

बाईंच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, जिन्यावरून पडले. एकदा घरी दोघीच असताना भिंगरी म्हणाली, "आई, तू कुठल्या जिन्यावरून पडलीस गं? आपलं घर तर तळमजल्यावर होतं." बाईंनी करंगळी पदराखाली घेतली. भिंगरीने पुन्हा विचारलं नाही.

मग हळूहळू मला सगळं कळलं. बाई नवऱ्याचं घर सोडून आल्या होत्या, कोणालाही न सांगता, दूरच्या शहरात. नवरा एका ऑफिसात संगणकांची देखभाल करायचा. हात उचलण्यात त्याला वेळ लागत नसे. बाईंना त्याने आधीच बजावून ठेवलं होतं, की गेलीस तर शोधून काढीन आणि मुलीला घेऊन येईन. तो बोललेलं करणारा माणूस होता, आणि बाईंना भीती त्याचीच होती.

त्या घरात भिंगरीचं एकच माणूस मागे राहिलं होतं. तिची आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई. आजी रोज गोष्ट सांगायची. नवऱ्याने पूर्वी हौसेने 'आजीच्या गोष्टी' नावाचं एक पान नेटवर बनवलं होतं. दर रविवारी आजीचा आवाज भरून तो तिथे टाकायचा. सुरुवातीला सगळा गोतावळा ऐकायचा, मग ऐकणारे उरले फक्त घरचे.

एका रविवारी दुपारी भिंगरीने आईच्या फोनवर ते पान शोधून काढलं. तिथे नवी गोष्ट होती. दोघी निघून गेल्या, तरी गोष्टी थांबल्या नव्हत्या.

"बंद कर ते," बाई घाबरून म्हणाल्या.

"आई, आजी आहे गं. नुसतं ऐकते ना."

बाईंना नाही म्हणवेना. थोडा विचार करून त्यांनी फोनमधली एक काळी खिडकी उघडली. तिला खाजगी खिडकी म्हणतात. कोपऱ्यात टोपी आणि चष्मा घातलेलं चित्र असतं. बाईंचा चष्म्यावर फार विश्वास. "हे बघ, यातून उघडलं की आपण कोणाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "इथूनच ऐकायचं. कबूल?"

"कबूल, कबूल, कबूल."

मला ओरडावंसं वाटलं. अहो, ती खिडकी फक्त तुमच्या फोनची आठवण पुसते! फोन हातात घेणाऱ्याला कळत नाही की तुम्ही कुठे जाऊन आलात, एवढंच. पाकीट माझ्याच हातून जाणार, माझा आकडा लावूनच जाणार, आणि ज्याचं पान आहे त्याच्या वहीत दिवस-वेळेसकट तो आकडा उतरणार. पण मला तोंड कुठलं? मी दिवे लुकलुकवले. त्याचा अर्थ सगळे एकच काढतात, नेट चालू आहे.

तीन रविवार मी ती पाकिटं नेली. तिसऱ्या रविवारी गोष्ट संपल्यावर आजीचा आवाज जरा अडखळला, कागदावरचं वाचल्यासारखा. "आणि भिंगरे... तुमच्या त्या नदीकाठच्या शहरात... थंडी पडली असेल. स्वेटर घालत जा."

बाईंच्या हातातून पेला पडला. आमच्या खिडकीतून नदी दिसते.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की नुसत्या आकड्यावरून घर सापडत नाही. साध्या माणसाला फार तर शहर कळतं, तेही कधीकधी चुकीचं. घर कुठलं ते कंपनीच्या दप्तरात असतं. पण शहर कळलं आणि बायको चष्म्याच्या दुकानात असणार हे ठाऊक असलं, तर आणखी काय हवं? आमच्या शहरात चष्म्याची दुकानं सगळी मिळून एकवीस.

बाईंनी माझी वायर उपटली आणि मला मोडक्या फ्रेमांच्या खोक्यात टाकलं. तिथे मी दोन आठवड्यांहून जास्त पडून होतो. बिनकाचांचे चष्मे चारी बाजूंनी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बरोबर केलं. पत्ता सांगणारा मीच.

मला बाहेर काढलं ते एक्स्चेंजमावशींनी. या खाली राहायच्या. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिलेल्या. निवृत्तीनंतर त्यांचं रोजचं शब्दकोडं बाईंच्या नेटवर, म्हणजे माझ्यावर चालायचं. अकराव्या दिवशी त्या कंटाळून वर आल्या. "काय गं, नेट गेलंय का? मी आपली आडवा सातवर अडकून बसलेय."

बाई रडायलाच लागल्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, काळा चष्मा घातला म्हणून लोकांना आपण दिसायचे थांबत नाही. मी रोज चष्मे विकते. मला कळायला नको?"

"ते राहू दे. आता ऐक. आम्ही फोन जोडून द्यायचो ना, की ऐकायची कळ लगेच मागे ओढायची. कान आपलेच, पण ऐकायचं नाही. असा शिरस्ता होता. ज्या जगात फोन आला त्याच जगात ही कळसुद्धा कोणीतरी बसवली होती. तशी इथेही कोणीतरी बसवली असणार. मला चार दिवस दे."

चार दिवस मावशी वाचनालयात जाऊन बसल्या. पाचव्या दिवशी वही घेऊन आल्या. मला खोक्यातून काढलं, चष्मा पुसावा तसं पदराने पुसलं आणि चालू केलं. इतके दिवस बंद राहिल्यामुळे कंपनीने मला नवा आकडा दिला. पण शहर तेच.

"व्हीपीएन म्हणतात त्याला," मावशी वही बघत म्हणाल्या. "मी त्याला मधलं घर म्हणते. तुझं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून आधी मधल्या घरी जातं. ते घर बाहेरचं पाकीट फाडतं आणि आतलं स्वतःचा पत्ता घालून पुढे धाडतं. समोरच्याला दिसतं ते मधलं घर. ते कुठल्या शहरात हवं तेही निवडता येतं. फक्त फुकटातलं नको. फुकट कोण कोणाचे पाहुणे ठेवतं? तो बसायचा आपल्यावरच नजर ठेवून. आणि त्या पानावर आपलं नाव घालून आत शिरायचं नाही. तोंड झाकायचं आणि स्वतःचं नाव पुकारत सुटायचं, हे नको."

"त्यापेक्षा ते पान उघडायलाच नको, मावशी."

मावशींनी वही मिटली. "दोन रविवार चुकले ते चालतील. पण कायमचं थांबलीस, तर त्याला काय कळेल? की त्या वाक्याने तू घाबरलीस. म्हणजे तू इथेच आहेस."

भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी बाईंनी मधलं घर म्हणून लांबचं एक बंदराचं शहर निवडलं. मावशींनी आणखी एक गोष्ट चालू केली. मधल्या घराची वाट मध्येच तुटली, तर फोनने उघड्या वाटेने जायचं नाही, सगळं बंद पडू द्यायचं. "आमच्याकडेही तसंच होतं," त्या म्हणाल्या. "लाइन तुटली तर बोलणं तुटू दे. भलत्या लाइनवर फेकू नको."

रविवार आला. फोनमधून पाकीट माझ्याकडे आलं, आणि मी पहिल्यांदाच थबकलो. कुठे चाललंय तेच मला दिसेना. फक्त 'मधलं घर' एवढं दिसत होतं. आजीच्या पानाचं नावसुद्धा नाही. ज्या घरात मी कपाटावर बसून सगळं ऐकतो, त्या घराचं बोलणं माझ्याच हातून जात होतं आणि मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. मला अपमान वाटायला हवा होता. पण मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू.

जाणकाराने बारकाईने पाहिलं असतं, तर हा आकडा मधल्या घराचा आहे हे त्याला ओळखता आलं असतं. पण रागावलेला माणूस बारकाईने बघत नाही, असं मावशी म्हणायच्या. बत्तीस वर्षं त्यांनी रागावलेल्या माणसांचे फोन जोडले होते.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी आजीचा आवाज आला, पण पाठीमागे नवऱ्याचा नेहमीचा खाकरण्याचा आवाज नव्हता. आजी एकटी होती.

"भिंगरे, आज गोष्ट नाही. तो बाहेरगावी गेलाय, परवा यायचाय. रविवार चुकू नये म्हणून मला बटण दाबायला शिकवून गेला. सूनबाई, तू ऐकत असशील तर नीट ऐक. तो बंदराच्या शहरात गेलाय. तिथली चष्म्याची दुकानं धुंडाळतोय. तू तिथे असलीस तर आत्ताच्या आत्ता निघ. नसलीस तर..."

आवाज तुटला.

मधल्या घराची वाट तुटली होती. फोन माझ्या दारात उभा होता आणि उघडी वाट समोर मोकळी होती. पूर्वी मी हजार वेळा अशा वेळी पाकीट तसंच पुढे ढकललंय. पण या वेळी फोनमधून काहीच निघेना. "आई, लाव ना! आजी गेली!" भिंगरी आईचा हात ओढू लागली. बाईंचं बोट त्या बटणावर गेलं, ज्याने मावशींनी बसवलेला पहारा उठला असता आणि लगेच आवाज आला असता.

"हात काढ," शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या. "तुटू दे."

बाईंनी हात काढला. मी कधी देवाधर्माच्या भानगडीत पडलेलो नाही, पण त्या वेळी मनापासून म्हटलं, ये बाबा, ये. चाळीस-एक सेकंद गेले असतील. मग वाट जुळली.

"...नसलीस तर बरंच. कुठे आहेस ते कधी सांगू नकोस. मलासुद्धा नाही. त्याने विचारलं तर माझं तोंड बंद राहील, पण माझा चेहरा राहायचा नाही. तुझ्या करंगळीचं झालं तेव्हा मी दारात उभी होते गं. बघत होते. गप्प राहिले. ते मला झोपू देत नाही. दोघी धड आहात, एवढंच मला कळू दे. खाली लिहायची चौकट असते, तिथे एक टिंब टाका. अक्षर नको. उद्या सकाळी बघेन आणि हे सगळं पुसून टाकेन. पुसायचं बटणही शिकलेय मी."

मी तिचा आवाज वाहून आणला होता. तुकडे-तुकडे करून, कुलपात घालून, काचेच्या तारेतून, कुठल्या कुठल्या वाटांनी. वाटेत कोणाला कळलं नव्हतं, मलाही नाही. तो आवाज माणसाचा झाला तो या खोलीत, त्या मुलीच्या कानाशी आल्यावर. एवढी वर्षं मी हे काम करत होतो आणि काम काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी डोळे पुसले. "टिंब टाकायचं, मावशी. पण टिंबासाठी मला मधल्या घराचाही भरवसा नको."

मावशींच्या वहीत त्यावरही होतं. एक ब्राउझर असतो, त्यातून पाकीट तीन थांबे घेत जातं, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या तीन पाकिटांत. पहिल्या थांब्याला कळतं, कोणाकडून आलं. कुठे जायचं ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. शेवटच्याला कळतं, कुठे जायचं. कोणाचं ते कळत नाही. तिघांपैकी एकालाही सगळं ठाऊक नसतं.

"पण हे थांबे चालवतं कोण?" बाईंनी विचारलं.

"कोणीही," मावशी म्हणाल्या. "मीही दोनदा वाचलं, खरं वाटेना म्हणून. कुठे एखादा मास्तर, कुठे वाचनालय, कुठे आणखी कोणी. आपला संगणक आणि आपली वीज लावून अनोळखी माणसांची पाकिटं पुढे सरकवतात. कोणाची ते त्यांना कधी कळत नाही. कोणी आभारही मानत नाही, मानणार कोणाचे?"

भिंगरीने टिंब टाकलं. जीभ बाहेर काढून, एकाच बोटाने. एक टिंब! त्यासाठी तीन पाकिटं, तीन थांबे, बहुधा तीन देश आणि आपल्याला कधीही न दिसणारी तीन माणसं. ते माझ्या दारातून निघालं तेव्हा मी माझे दिवे शक्य तितके नीट लुकलुकवले. कोणी पाहिलं नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. तो माणूस बंदरावरून हात हलवत परत आला. त्यानंतर कधीतरी त्याने शोधणं सोडलं असावं, किंवा नसेलही. बाई अजून मधल्या घरातूनच जातात. भिंगरीने मावशींच्या खोलीत एका जुन्या संगणकावर स्वतःचा एक थांबा चालू केलाय, मधला. तिथून कोणाची पाकिटं जातात ते तिला ठाऊक नाही, आणि तिला विचारलं की ती खांदे उडवून हसते.

माझं एक शिंग खिळखिळं झालंय, बाईंनी ते चष्म्याच्या बारीक स्क्रूने बसवलंय. उन्हाळ्यात मी तापतो आणि मधूनच झोपतो. तेव्हा उद्या मला काढतील ते योग्यच आहे. जाता जाता एवढंच मागतो, की बाबांनो, काळ्या खिडकीवर विसंबू नका. ती तुमच्या फोनला विसरायला लावते, जगाला नाही. तुमचा पत्ता माझ्या कपाळावर असतो आणि तो पुसायचं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. लपण्यासारखं माझ्याकडे काय आहे, असं म्हणणारे माझ्या पाहण्यात पुष्कळ आले. देव करो आणि त्यांच्यावर कधी ती वेळ न येवो.

एक सांगायचं राहिलं. टिंब टाकल्यानंतरच्या सोमवारी दुपारी मावशींनी पान उघडून पाहिलं. आजीचं बोलणं नव्हतं, टिंबही नव्हतं. तिने पाहिलं की नुसतं पुसलं, की तिच्या आधी त्यानेच पुसलं, काही कळायला मार्ग नव्हता. तो आठवडा घरात कोणी धड जेवलं नाही.

पुढच्या रविवारी गोष्ट आली. पाठीमागे तो खाकरत होता. गोष्ट एका म्हातारीची होती, जिची नात हरवलेली असते. आजी सावकाश सांगत होती, कुठेही न अडखळता. शेवटी ती म्हणाली, "आणि मग एके दिवशी सकाळी म्हातारीला आभाळात एक टिंब दिसलं. एवढंसं. कसलं होतं, कोण जाणे. पण त्या दिवशी म्हातारी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली."

बाईंनी तोंडावर पदर धरला. भिंगरी गर्रकन फिरली, स्टुलावर चढली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पोचलं!"

नेट चालू असताना माझ्याकडे बघून कोणी बोललं, ते तेवढं एकदाच.